उंबऱ्यातलं सूप

माझी बायको सुलू म्हणते, "पुरुषांना माहेर नसतं, पण तुम्हांला आहे. ती भोरची वखार." टोमणाच तो, पण खोटा नाही. आंबेमोहोर शिजायला लागला, की माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली येतं आणि मन थेट नीरेकाठच्या त्या लांबलचक कौलारू सोप्यात जाऊन बसतं. अकरा उखळं, बावीस बाया, बावीस मुसळं. एका उखळावर दोघी समोरासमोर उभ्या. एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर गेलेलं. सकाळी नदीवर गेलेल्या माणसाला तो दणका पार घाटाच्या पायऱ्यांवर ऐकू यायचा. देवळातल्या घंटेपेक्षा मला तो आवाज जास्त पवित्र वाटतो, आणि हे मी सुलूच्या तोंडावर म्हणतो. ती मग देवाला माझ्या वतीनं हात जोडते.

वखार उपेंद्रपंतांची. वेल्ह्याकडून, हिर्डोशीकडून बैलगाड्यांनी भात यायचं. ते भरडायचं, कांडायचं, पाखडायचं, निवडायचं आणि पोती पुण्याला भवानी पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे रवाना करायची, हा आमचा उद्योग. मी तिथला दिवाणजी. नाव भारदस्त, काम कारकुनाचं. पोती तपासायची, त्यांवर नंबर घालायचे, पत्रं लिहायची. वय सत्तावीस, अंगात काळा कोट, खांद्यावर उपरणं आणि डोक्यात बऱ्यापैकी हवा. तिसरा पुरुष म्हणजे मापाडी कोंडिबा. आम्ही तिघे सोडले तर वखार बायांची होती आणि बायांत अंबूबाईची. अंबूबाई हिर्डोशीची, पन्नाशीची, रंगानं काळीसावळी, बोलायला कमी. मूठभर भात हातात घेऊन ते कुठल्या गावच्या खळ्यावरचं, हे ती सांगायची आणि कधी चुकायची नाही.

मी सांगतोय ती गोष्ट छत्तीस सालची. तेव्हा तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या निघाल्या होत्या. त्यांचा तांदूळ पांढराफेक आणि स्वस्त. आमचा माल टिकून होता तो एकाच गोष्टीवर. दाणा अख्खा असायचा आणि घासात खडा यायचा नाही. पंत स्पष्ट सांगायचे, "ज्या दिवशी पुण्याच्या पंगतीत आपल्या भातात दाताखाली खडा येईल, त्या दिवशी मीही हा सोपा बंद करीन आणि इंजिन आणीन. मग कुणी मला बोल लावू नका." बावीस घरच्या चुली त्या खड्यावर अवलंबून होत्या, आणि हे बायांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

म्हणून तर त्यांची ती हाक. निवडताना कुणाच्या सुपात खडा आला, की ती मोठ्यानं ओरडायची, "खडाऽ!" तसं सगळं थांबायचं. खडा आला म्हणजे ते पोतं कच्च्या खळ्यावरचं, त्यात आणखी असणार. मग त्या पोत्याचा तांदूळ ज्यांच्या ज्यांच्यासमोर असेल त्या पुन्हा घोळायला बसायच्या. ही हाक कुणी शिकवली नव्हती, कुठं लिहिलेली नव्हती. दिवसातून दहा-वीसदा तरी उठायची. मला तिचा त्रास व्हायचा. पत्र लिहिताना दचकून शाई सांडायची.

आणखी एक रिवाज होता. संध्याकाळी वखारीतून बाहेर पडताना प्रत्येकानं उंबऱ्यापाशी ठेवलेल्या मोठ्या सुपावर अंग झटकायचं. दिवसभर तांदळात वावरायचं म्हटल्यावर दाणे कपड्यांत अडकणारच, ते रस्त्यावर पायदळी जाऊ नयेत, हे कारण. बायांनी पदर आणि ओटी झटकायची, पुरुषांनी उपरणं झटकायचं, खिसे उलटे करायचे. पहिले पंत. ते दिवसभर गादीवर बसलेले, त्यांच्या उपरण्यातून पडणार काय? तपकीर! पण रोज झटकायचे. मग मी, मग कोंडिबा, मग बाया. सुपातले दाणे सकाळी चिमण्यांना. आणि एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांनी रस्त्याकडे बघायचं. कुणाच्या अंगावरून काय पडलं हे कुणी बघत नसे. पंधरा वर्षं मागचं सांगणाऱ्या बाया होत्या, त्यांनाही हे असंच आठवत होतं.

त्या दिवाळीनंतर पंत डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला मिरजेला लेकीकडे गेले. "अडीच महिने लागतील, रघुवीर. वखार तुझ्यावर," म्हणाले. झालं! हवेचा फुगा झाला.

पंधरा दिवस मी पंतांच्या जागी सुपापाशी पहिला उभा राहिलो. सोळाव्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून एक मास्तर मला बघायला आले. बघायला म्हणजे जावई म्हणून. सुलूचे वडील. पांढरं स्वच्छ धोतर, चांदीच्या मुठीची काठी. वखार सुटायची वेळ, बाया रांगेत, आणि मला पुढं होऊन कोंबडीसारखे पंख फडफडवायचे! मास्तर काय म्हणतील, हा मुलगा कामकऱ्यांच्या रांगेत उभा राहून खिसे उलटे करून दाखवतो? मी अंबूबाईला म्हटलं, "तुमचं चालू द्या. मला काम आहे." आणि मास्तरांना घेऊन तसाच उंबरा ओलांडला.

दुसऱ्या दिवशी मास्तर नव्हते, पण मी झटकलं नाही. काल झटकलं नाही तर कुठं आभाळ कोसळलं, असं मनात आलं. तिसऱ्या दिवशी कोंडिबानंही सोडून दिलं. "दिवाणजी न्हाई, तर म्या तरी कशापायी?" म्हणाला. पण घरी जाण्याआधी कुलूप लावायचं असल्यामुळं आम्हां दोघांना थांबावं तर लागे. मग आम्ही उंबऱ्याच्या बाजूला उभे राहायचो आणि बाया एकेक करून सुपावर पदर झटकून बाहेर पडायच्या. आम्ही रस्त्याकडे बघत नव्हतो. समोर दुसरं काय होतं? सुपाकडेच बघत होतो.

बायांच्या चालण्यात फरक पडला होता, तो मला आत्ता आठवतो, तेव्हा दिसला नाही. पूर्वी सुपापाशी थट्टा चालायची, धोंडाबाई तर दोन्ही हात पसरून गिरकी घ्यायची. आता त्या मान खाली घालून पदर झटकायच्या आणि पटकन निघून जायच्या.

आठवडा गेला आणि एका संध्याकाळी सगुणाबाईच्या ओटीतून मूठभर तांदूळ सुपात पडला. चार दाणे नव्हेत, चांगला मूठभर. सगुणाबाई भोंगवलीची, तिशीची, नवरा नसलेली. हंगामापुरती भोरात येऊन अंबूबाईच्या खोपटात राहायची. तांदूळ पडला आणि ती जागीच थांबली. रिवाजाप्रमाणं हे कुणी बघायचंच नव्हतं. तो सुपात पडला, चिमण्यांचा झाला, विषय संपला. पण मी बघत होतो, आणि मी बघतोय हे कोंडिबा बघत होता.

"हे काय, सगुणा?" मी म्हणालो. आवाज चढला होता.

तिनं पदर ओटीपाशी घट्ट धरला.

"बावीस जणींचं पोट ज्या वखारीवर, तिथंच हात मारतेस?"

अंबूबाई पुढं आली, तिनं सगुणाबाईच्या दंडाला धरलं आणि तिला बाहेर घेऊन गेली. मी कोंडिबाकडे बघून म्हटलं, "वचक पाहिजे." हे वाक्य आठवलं की आजही मला माझ्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आली नाही. गावाकडे गेली असं कळलं. बाकीच्या एकवीस जणी वेळेवर हजर. मला वाटलं होतं, कुरकुर होईल, कुणी दोन शब्द ऐकवील. काही नाही. सांगितलं तेवढं भात कांडलं, सांगितलं तेवढं पाखडलं. दुपारी भाकरी खायला जेवढा वेळ ठरलेला तेवढाच घेतला. आणि काय शांतता! दिवसभरात एकदासुद्धा ती दचकवणारी हाक उठली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. मी निवांत पत्रं लिहिली. मिरजेला पंतांना कळवलं की आपल्या पश्चात कामाला शिस्त आली असून यंदाचं भातही फार स्वच्छ आहे. खडा म्हणून निघत नाही.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी त्यांतला नव्हतो. मला पोत्यांचा मार बसला.

पुण्याहून पहिला माल परत आला. दहा पोती. सोबत चिठ्ठी, "खडे आहेत व कणी फार." मी म्हटलं, एखादं भात वाईट निघालं असेल. बायांना बोलावून तंबी दिली. "हां जी," म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला मी त्या कांडत असताना मागं उभा राहिलो, प्रत्येकीच्या खांद्यावरून बघितलं. जी जोडी जास्त कांडील तिला खण-नारळ लावला. जोड्यांनी जीव खाऊन कांडलं. मुसळं अशी आदळली की दाण्याचे दोन-दोन तुकडे झाले. दुसरा मालही परत. चिठ्ठी आता लांब होती, "आणखी एकदा असे झाल्यास आमचा व आपला व्यवहार संपला असे समजावे." दोन्ही चिठ्ठ्यांच्या नकला मला मिरजेला पाठवणं भाग होतं. उलट टपाली लेकीच्या अक्षरात पंतांचं उत्तर आलं. चार ओळी. तिसरा माल परत आला तर सोपा बंद, मी आल्याबरोबर इंजिनाची बोलणी करतो.

तिसऱ्या मालाची बारा पोती शिवून तयार होती. मी एक उसवून पाहिलं. ओंजळीत घेतलं आणि दोन खडे लागले. अंबूबाईला ओट्यावर बोलावलं.

"अंबूबाई, काय चुकतंय?"

"आमी काय चुकवलं, दिवाणजी? तुमी सांगता तसं करतो."

"मग खडे कसे राहतात?"

"ऱ्हात्यात खरं," ती म्हणाली.

"सोपा बंद होईल. तुम्हां सगळ्यांचं काम जाईल."

"जाईल की," ती म्हणाली, आणि मला तिच्या आवाजात राग ऐकू आला असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, वाईट गाडीवानाच्या बैलाकडे बघावं तसं. मग जायला वळली आणि वळता वळता म्हणाली, "सगुणीला एकदा भेटून या. तिचं मुसळ कोपऱ्यात हाय, कुनी हात लावीना."

दुसऱ्या दिवशी मी भोंगवलीला निघालो. कापूरहोळपर्यंत मोटार, तिथं चहा घेऊन दुसरी मोटार, मग मोठ्या रस्त्यावर उतरून शेतांमधनं पायी. थंडीचे दिवस, हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी कमरेपर्यंत. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. सगुणा, झालं गेलं विसर. मी तुला माफ केलं आहे. वखार मोठ्या मनाची आहे. असं बरंच काही, चांगलं लांबलचक. दोन ठिकाणी तर माझाच गळा दाटून आला.

सगुणाबाई भावाच्या अंगणात शेण-सडा करत होती. मला बघून तिनं हात धुतले, पदर सारखा केला, घोंगडं टाकलं. पाणी आणून दिलं. आत तान्हं मूल रडत होतं. मी बसलो, घसा खाकरला आणि भाषण सुरू करण्याआधी घाम पुसायला कोटाच्या खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर तांदूळ आला. मूठभर नव्हे, मुठीहून जास्त. घोंगड्यावर, अंगणात, ओल्या सड्यावर सगळीकडे पसरला. पांढराशुभ्र आंबेमोहोर. एक कोंबडी धावत आली आणि टिपायला लागली.

मी कुठून आला म्हणून खिशात हात घातला, तर आणखी होता. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. पोती तपासताना मी प्रत्येक पोत्यातून वानगी म्हणून थोडा तांदूळ काढायचो, हातावर घोळवायचो, दाणा चावून बघायचो आणि उरलेला खिशात टाकायचो. पूर्वी संध्याकाळी सुपापाशी खिसे उलटे केले की तो सुपात जायचा. महिनाभर खिसे उलटे केलेच नव्हते. महिनाभर मी रोज भरल्या खिशानं घरी जात होतो, आणि कोट खुंटीला टांगला की आई तो रिकामा करून डब्यात भरत होती. "हल्ली कोटात तांदूळ बरा असतो रे," असं एकदा म्हणालीही होती. मी हसलो होतो. काल रात्री मात्र काळजीत कोट न काढताच आडवा झालो होतो.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे शाळेत पाठ केलं होतं. मुसळांच्या वखारीत नोकरी करून ते कळायला मला भोंगवलीपर्यंत चालत जावं लागलं.

सगुणाबाईनं कोंबडीला हाकललं नाही. ती माझ्या कोटाकडे बघत होती.

"तुम्हांला ठाऊक होतं?" मी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हटलं.

"खिसा फुगलेला दिसतो की, दिवाणजी. बावीस जनी रोज बघत व्हतो."

मला घोंगड्यावरून उठून कुठंतरी जावंसं वाटलं. पण जाणार कुठं? ती खांबाला टेकून बसली.

"म्या तांदूळ घेतला व्हता," ती म्हणाली. "त्यात लबाडी न्हाई करनार. भावजय बाळंत झाली व्हती. गावचं मानूस दुसऱ्या दिशी निघनार व्हतं. पेजंला धाडावा म्हनलं. दिसभर आंबेमोहोर कांडायचा आन् घरला नाचनीची भाकर, कवातरी मन होतं. सुपापाशी आले तर भ्या वाटलं, म्हनलं टाकून द्यावा. म्हनून जोरात झटकला. टाकलाच व्हता म्या त्यो."

"मग मी..."

"तुमी इचारलं. ते बी ठीक हाय. मालकाचा माल, इचारनार. पर तुमी स्वतः उभं ऱ्हायला असता आन् मंग इचारलं असतं, तर म्या सांगितलं असतं. पंतांनी इचारलं असतं तर पाय धरले असते." मग म्हणाली, "ते सूप समद्यांचं व्हतं. तुमी ते आमच्या एकट्यांचं केलं."

भाषणाचं काय झालं विचारू नका. मी एवढंच म्हणालो, "सगुणाबाई, माझं चुकलं. परत चला." आणि खरंच गळा दाटला, या वेळी तालीम न करता. ती लगेच हो म्हणाली नाही. आत गेली, भावजयीशी काही बोलली. बाहेर आली तेव्हा हातात गाठोडं होतं. मी तिच्या भावजयीला विचारून पेजेला तांदूळ पाठवायचं कबूल केलं आणि पाठवलाही, माझ्या पैशानं. ते काही उपकार नव्हते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वखार सुटायच्या वेळी मी सुपापाशी पहिला उभा राहिलो. उपरणं झटकलं. कोटाचे खिसे उलटे केले, दोन्ही. त्यातून जे पडायचं ते पडलं. बाया रस्त्याकडे बघत होत्या. माझ्यामागं कोंडिबा आला. मी रस्त्याकडे बघितलं. नीरेवरून गार वारा येत होता आणि मागं एकेकीचा पदर झटकल्याचा आवाज. कुणी हसलं नाही, कुणी गिरकी घेतली नाही. मोडलेलं हाड एका दिवसात सांधत नाही, हे मला मान्य होतं.

पण सकाळी आलो तर तिसऱ्या मालाची बाराही पोती उसवून पालथी केलेली. सोपाभर तांदळाचे ढीग, आणि बावीसच्या बावीस जणी सुपं घेऊन बसलेल्या. कोंडिबानं पहाटेच कुलूप उघडून दिलेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"अंबूबाई, हे काय?"

"निवडतोय."

"पण तुम्हांला कसं कळलं यात खडे आहेत?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तराची गरज उरली नाही, तरी तिनं दिलं. "खडं कुटं असत्यात ते आमाला न्हाई, तर कुनाला ठावं? आमी घातलं न्हाईत, दिवाणजी. देवाशपत. नुसतं सांगायचं सोडलं व्हतं."

तेवढ्यात तिकडच्या टोकाकडून ठकुबाई ओरडली, "खडाऽ!" आणि मी शाईची दौत सांडली. आनंदानं सांडली. पंतांच्या गादीवरचा तो डाग पुढं कित्येक वर्षं तसाच होता आणि मी तो धुवायला दिला नाही.

तीन दिवस त्या निवडत होत्या. ज्या ढिगात खडा निघे तो कुठल्या खळ्यावरचा हे अंबूबाई सांगायची, मग त्या खळ्याचे सगळे ढीग पुन्हा घोळायचे. कणी चाळून वेगळी केली. मुसळं पुन्हा जुन्या ठेक्यात पडायला लागली, सावकाश, दाण्याला न मोडणारी. एखाद्या जोडीतली दमली तर शेजारच्या जोडीतली एक न सांगता मुसळ हातात घ्यायची. पैजेचा खण-नारळ कुणी नेलाच नव्हता, तो मी कोनाड्यात ठेवून दिला, आणि संक्रांतीला अंबूबाईनं त्यातला नारळ सगळ्यांत मिळून फोडला. माल गेला. आठ दिवसांनी पुण्याहून पत्र आलं, "माल उत्तम. पूर्वीसारखा." त्या तीन शब्दांसाठी बावीस बायांनी किती तांदूळ हाताखालून घातला, ते त्या व्यापाऱ्याला सात जन्मांत कळणार नाही.

पुढं सोपा नऊ वर्षं चालला. लढाईच्या दिवसांत धान्यावर बंधनं आली, पंतही गेले, मग पोरांनी इंजिन आणलं. आज तिथं काय आहे ते मला ठाऊक नाही आणि जाऊन बघायचीही इच्छा नाही. मला माझा सोपा हवा आहे, तो तुसाचा, घामाचा, आंबेमोहोराच्या वासाचा. तो कुणी मला मोटारीत घालून दाखवू शकत नाही.

पण त्याच वर्षीचं एक सांगायचं राहिलं. माघात पंत मिरजेहून परत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हाताला लेक. दुपारची भाकरीची सुट्टी नुकतीच संपली होती, बाया उखळांपाशी उभ्या राहत होत्या. पंत सोप्याच्या मधोमध आले. ओंजळीत तांदूळ घेतला, बोटांनी चाचपला, दोन दाणे तोंडात टाकले. समाधान दिसलं. मग दोन्ही चिठ्ठ्यांची आठवण झाली असावी.

"दोनदा माल परत आला," ते म्हणाले. "असं या वखारीत कधी झालं नव्हतं. रघुवीर, चूक कुणाची?"

मी पोत्यांवर नंबर घालत होतो. ब्रश हातात तसाच राहिला. सांगायचं मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. रोज आरशासमोर दाढी करताना वाक्य म्हणून बघितलं होतं. पण पंतांच्या काळ्या चष्म्यात मला माझं तोंड दिसलं, नोकरी दिसली, पुण्याचे मास्तर दिसले, फाल्गुनातला लग्नाचा मुहूर्त दिसला, आणि जीभ टाळूला चिकटली. पंत वाट बघत होते. सोप्यात एकही मुसळ हलत नव्हतं.

"खळ्यावरनं खडं आलं व्हतं, पंत," तिसऱ्या उखळापासून आवाज आला. सगुणाबाई होती. "आमी निवडलं. आता न्हाईत."

पंत तिकडे वळले. "कुणाच्या हातून राहिले?"

"ते कशाला आता? समद्यांनी मिळून काढलं की."

पंतांनी मान हलवली आणि लेकीचा हात धरून गादीकडे गेले. सगुणाबाईनं मुसळ उचललं. समोरच्या धोंडाबाईनं उचललं. दणका सुरू झाला.

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिची मूठभर चोरी मी सगळ्यांदेखत उघडी पाडली होती, आणि माझी खिसेभर तिनं सगळ्यांदेखत झाकली. मी खाली मान घालून नंबर घालत राहिलो. तीन पोत्यांवर एकच नंबर पडला, तो संध्याकाळी कोंडिबानं दाखवला तेव्हा मला कळलं.